पत्राचा मायना

मराठी दप्तरांतील जुनीं पत्रें चाळलीं, तर त्यांचा सांचा बहुधा एकच दिसतो : आरंभीं श्री, मग मायना व नांव, नंतर मजकूर. नांव आणि मजकूर पत्रागणिक बदलत. मायना मात्र उभयतांच्या नात्यावरून ठरे. १३ व्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि होऊन गेला. पत्रलेखनाचे असे नियम सांगणारें ‘मेस्तक’ परंपरा त्याचेंच मानते.

वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, प्रतिष्ठितांस ‘राजमान्य राजश्री’. थोर सरदार असेल, तर त्याआधीं ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ हेंही जोडीत. विधवेस ‘गंगाभागीरथी’ लिहीत. हाच मायना चुकून सौभाग्यवतीच्या नांवाआधीं पडला, तर मजकूर कितीही गोड असो, घरांत तें पत्र अशुभच ठरावें. एका शब्दाची चूक, पण ती थेट नात्यावर घाव घाली.

आज संगणक एकाच मसुद्यांत क्षणार्धांत हजारों नांवें भरतो. सांचा जुनाच आहे. भरणारा तेवढा नवा. यादींत जें असेल तेंच तो उमटवितो, आणि यादींतून नांव काढावयाचें राहिलें असेल, तर मृतासही ‘प्रिय’ म्हणून आमंत्रण धाडतो. कारकुनास मात्र नांव लिहिण्यापूर्वीं माणूस ठाऊक असावा लागे. मायन्याचा खरा अर्थ तोच होता.