अतींद्रिय शक्ती : शब्द आणि समजुती

इंद्रियांच्या साहाय्याशिवाय दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, दूरचे पाहणे किंवा भविष्य जाणणे, अशा कथित क्षमतेस मराठीत ‘अतींद्रिय शक्ती’ म्हटले जाते. या समजुतीभोवतीचे शब्द प्रामुख्याने तीन परंपरांतून आले आहेत. दावा तोच असला, तरी शब्द बदलला की त्याचे वजन आणि परिणाम बदलतात.

योगपरंपरा

‘सिद्धी’ हा शब्द योगशास्त्रातला. पतंजलींच्या योगसूत्रांतील ‘विभूतिपादा’त सिद्धींचे वर्णन असून, दुसऱ्याचे मन जाणण्यास तेथे ‘परचित्तज्ञान’ म्हटले आहे. मात्र या सिद्धी समाधीच्या मार्गातील विघ्ने होत, असा इशाराही त्याच पादात आहे. चांगदेवाच्या कथेतही सिद्धीचा अभिमान गळून पडण्यालाच महत्त्व आहे. शक्तीची जाहिरात करणारे नेमका हा भाग वगळतात.

लोकव्यवहार

देवतेचा संचार झाल्यास ‘अंगात आले’ किंवा ‘वारे आले’ असे म्हणतात. कोकणात ‘अवसर’ हा शब्द आहे. उपाय सांगणारा तो देवऋषी, भगत किंवा मांत्रिक. आजाराचे कारण म्हणून ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘करणी’ सांगितली जाते. या दोन शब्दांत मोठा फरक आहे. करणी म्हटली की ती करणारा शोधणे ओघानेच आले. मग संशय भाऊबंदांवर, शेजाऱ्यांवर किंवा एखाद्या निराधार स्त्रीवर जातो. सातपुड्यातील स्त्रीला ‘डाकीण’ ठरविण्याची प्रथा हे त्याचे क्रूर टोक होय.

पाश्चात्त्य संशोधन

‘टेलिपथी’ हा शब्द फ्रेडरिक मायर्स यांनी १८८२ मध्ये घडविला. लंडनची ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ही त्याच वर्षीची. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या जे. बी. ऱ्हाइन यांच्या १९३४ मधील पुस्तकामुळे ‘ईएसपी’ ही संज्ञा रूढ झाली. पाच चिन्हांचे २५ पत्ते न पाहता ओळखण्याचे प्रयोग त्यांनी केले. यात निव्वळ अंदाजानेही सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. त्याहून अधिक यश मिळाल्याचा त्यांचा दावा कडक नियंत्रणाखालील प्रयोगांत टिकला नाही. जादूगार जेम्स रँडी यांनी अशी शक्ती सिद्ध करणाऱ्यास दहा लाख डॉलरचे आव्हान दिले होते. २०१५ मध्ये ते बंद होईपर्यंत कोणीही जिंकू शकले नाही.

कायद्याची भाषा

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात राज्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून भीती घालणे किंवा फसविणे, तसेच साप, कुत्रा वा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे त्यानुसार गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना हा कायदा लागू नाही. श्रद्धेवर नव्हे, तर तिच्या आडून होणाऱ्या शोषणावर त्याचा रोख आहे.

शहरांत आता ‘ऑरा’, ‘स्पंदने’, ‘ऊर्जा’ अशी नवी परिभाषा रुळली आहे. शब्द सुशिक्षित झाले, तरी पुराव्याची गरज संपत नाही. रुग्ण दवाखान्यात पोहोचण्यास उशीर होत असेल, तर त्या विलंबाला कोणते नाव दिले, याने काहीच फरक पडत नाही.