उजवा हात, डावा हात आणि सायकलचा पुढचा ब्रेक

रोज हातांत येणाऱ्या वस्तूंचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाहीं. पनवेलहून नेऱ्याकडे सायकलीवरून जाणाऱ्या माणसाला, पुढचा ब्रेक कोणत्या हातांत आहे असें एकाएकीं विचारलें, तर त्यालाहि क्षणभर हँडलाकडे पाहावें लागेल. हाताला मात्र तें ठाऊक असतें. समोर गुरूं आडवें आलें कीं बोटें आपोआप वळतात. मनाची परवानगी घेण्यास तेथें अवकाशच नसतो. म्हणूनच पुढच्या ब्रेकची तरफ उजवीकडे असावी कीं डावीकडे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याच्या पोटांत यंत्राचा, रस्त्याच्या कायद्याचा व राज्यसत्तांचाहि इतिहास दडलेला आहे.

उंच चाकाच्या जुन्या सायकलीस ब्रेक असलाच तर तो बहुधा एकच असे. चमच्याच्या आकाराची एक पट्टी पुढच्या चाकाच्या धावेवर दाबली जाई. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल पुढें आणली व १८८८ सालीं डनलॉपनें हवेच्या रबरी धावेचा हक्क नोंदविला. त्याच १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामुअण्णा यांच्या उद्योगाचा आरंभ झाला, आणि तो झाला सायकलींच्या दुकानानें! सायकल विकावयाची आणि घेणाऱ्यास ती चालविण्यासहि शिकवावयाचें, असा तो दुहेरी व्यवसाय होता. पुढें नांगर व यंत्रें घडविणाऱ्या या घराण्याची पहिली ओळख महाराष्ट्राला दोन चाकांवरून झाली, हें अनेकांस आज आठवत नसेल.

त्या काळच्या पुष्कळ सायकलींत पाय थांबवितां येत नसत. चाक फिरे तोंवर पॅडलेंहि फिरत. त्यामुळें पायांनीं उलटा जोर देऊन मागचें चाक आवरतां येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘फ्रीव्हील’चा प्रसार होऊं लागला. पाय स्थिर ठेवून उतार उतरण्याचें सुख लाभलें खरें, पण पायांचा तो लगाम मात्र सुटला. मागच्या चाकास स्वतंत्र ब्रेक हवा, ही गरज तेथून वाढली. सळ्यांचे ब्रेक व बाउडेनच्या तारेचे ब्रेक यांनीं ती भागविली. पुढचा ब्रेक वडील, मागचा धाकटा, असें हें नातें आहे. वडिलाला उजवा हात आधींच मिळालेला होता आणि धाकट्याच्या वांट्यास डावा आला, असें मानण्यास जागा आहे.

परंतु केवळ वडिलकीवर हा वाद मिटत नाहीं, कारण दोन्ही ब्रेकांचें सामर्थ्य सारखें नसतें. ब्रेक लागतांच सायकल मंदावते, पण स्वाराचें शरीर पुढेंच जाऊं पाहतें. भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो. मागचें चाक हलकें होतें, त्याची जमिनीवरील पकड सुटते व तें घसरूं लागतें. पुढच्या चाकाची पकड उलट वाढते. ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणारी सायकल कोरड्या, सपाट रस्त्यावर केवळ मागच्या ब्रेकनें थांबविली, तर ढोबळ हिशेबानें तिला सुमारें ६ मीटर अंतर लागतें. पुढच्या ब्रेकनें तीच सुमारें ३ मीटरांत थांबते. मात्र पुढचा ब्रेक अविचारानें आवळला, तर मागचें चाक उचललें जाऊन स्वार हँडलावरून पुढें फेंकला जातो. ज्याच्यांत तारण्याचें बळ अधिक, त्याच्यांतच घात करण्याचेंहि बळ अधिक!

येथेंच रस्त्याचा नियम पुढें येतो. ब्रिटनप्रमाणें हिंदुस्थानांतहि वाहनें डाव्या बाजूनें चालतात. उजवीकडे वळावयाचें म्हणजे समोरून येणारी रहदारी ओलांडावयाची. तेव्हां इशाऱ्यासाठीं उजवा हात बाहेर काढावा लागतो. त्या क्षणीं हँडलावर एकटा डावा हात उरतो. एका हातानें तोल संभाळणाऱ्या स्वाराच्या त्या हातांत सौम्य असा मागचा ब्रेकच असावा, म्हणजे घाबरून आवळला तरी तो उलथून पडणार नाहीं, असा हा विचार आहे. म्हणून ब्रिटनमध्यें व आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हातीं आला. अमेरिकेंत रहदारी उजवीकडून चालते व इशारा डाव्या हातानें होतो. तेथें हीच युक्ति उलटी झाली व पुढचा ब्रेक डावीकडे गेला.

रस्त्याची बाजू हीहि निसर्गानें ठरविलेली नसते. पोर्तुगालनें १९२८ सालीं आपली रहदारी डावीकडून उजवीकडे नेली; पण त्याच पोर्तुगालच्या सत्तेखालील गोव्यांत ती डावीकडेच राहिली. चोहोंकडून ब्रिटिश हिंदुस्थानाशीं जोडलेले रस्ते लिस्बनच्या हुकुमापेक्षां बलवत्तर ठरले. शेजाऱ्याशीं जुळतें घेणें हाच अशा बाबतींत शहाणपणा ठरतो.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे १९२८ च्या मार्च महिन्यांत ती पुरी करून परतले. इराण, इटली, ब्रिटन, अमेरिका, जपान असे देश त्यांनीं पालथे घातले. कोठें डावीकडून तर कोठें उजवीकडून जावें लागलें. पण सरहद्द ओलांडतांना रस्त्याची बाजू बदलणें मनानें साधतें. ब्रेकचा हात बदलणें मात्र तितकें सोपें नसतें, कारण ती संवय मनाची नसून बोटांची असते.

रूढ मांडणीविरुद्धहि विचार करण्याजोगें बोललें जातें. हँडलावर एकच हात उरतो त्याच वेळीं प्रभावी ब्रेक हवा, मग तो त्याच हातांत कां नसावा, असा एक आक्षेप आहे. त्यास उत्तर असें कीं, एका हातानें जोराचा ब्रेक मारल्यास हँडलच वळण्याची भीति असते. दुसरा मुद्दा मोटारसायकलीचा. तिच्या उजव्या मुठीशीं पुढचाच ब्रेक असतो. दोन्ही वाहनें वापरणाऱ्यास एकच संवय पुरते. तिसरा मुद्दा अगदीं घरगुती आहे. साखळी उजवीकडे असल्यानें सायकल हातांत धरून चालणारा मनुष्य तिच्या डाव्या बाजूस राहतो व डावा हात हँडलावर ठेवतो. उतारावर त्या हातांत मागचा ब्रेक असला, तर सायकल निमूटपणें मागें रेटली जाते. ती नाकावर उभी राहत नाहीं.

मात्र या सर्व युक्तिवादांत दोन्ही हात सारखे धड आहेत, हें न बोलतां गृहीत धरलेलें असतें. नेरें येथें १९५१ सालापासून कुष्ठरोग निवारण समितीचें शांतिवन उभें आहे. कुष्ठरोगानें कोपराजवळील मज्जातंतु दुखावला, कीं करंगळी व अनामिका आंखडतात, पकड दुबळी होते आणि स्पर्शहि हरपतो. अशा हातांत नियमाप्रमाणें पुढचा ब्रेक दिला, तर तो नियम पाळला जाईल, पण स्वार वांचेलच असें नाहीं. त्याच्यासाठीं तरफ दुसऱ्या बाजूस न्यावी, किंवा एकाच तरफेनें दोन्ही ब्रेक ओढले जातील अशी योजना करावी, हेंच योग्य होय. नियम बहुसंख्यांच्या हातांकडे पाहून होतात. कारागिरानें मात्र समोरच्या माणसाचा हात पाहावा.

ज्या घरांत दोन-तीन सायकली आहेत, तेथें सर्वांची मांडणी एकच ठेवावी. परक्याची अथवा भाड्याची सायकल हातीं आली, तर बसण्यापूर्वी एकेक तरफ दाबून कोणतें चाक अडतें तें पाहावें. या तपासणीस अर्धें मिनिटहि लागत नाहीं; पण उतारावर गुरूं आडवें येईल त्या क्षणीं तेवढी सवड कोणालाच मिळत नसते.