एका नावाची विषारी कथा

शब्दांची कुळकथा शोधण्याचा मला जुना नाद आहे. त्या नादात इंग्रजीतल्या ‘आर्सेनिक’ या शब्दापाशी मी थबकलो. मुळात हे नाव पिवळ्याधमक हरताळाचे! इराणी भाषांतला सोन्याच्या रंगाचा शब्द ग्रीकांनी उचलला आणि लॅटिनमार्गे तो इंग्रजीत शिरला. आपले लेखनिक पोथीतल्या चुकीच्या अक्षरांवर फासत, तोच हा हरताळ.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी ते नाव मूलद्रव्याला दिले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात घरोघर मात्र आर्सेनिक म्हणजे उंदीर मारण्याची पांढरी पूड, म्हणजेच आपला सोमल. आपण हरताळ, मनशीळ आणि सोमल यांना वेगळी नावे दिली. तिकडे मूलद्रव्य आणि ही पूड या दोहोंचा कारभार एकाच नावावर.

पण पिंपावर तेवढेही नाव धड नसले तर? 1858 साली ब्रॅडफर्डजवळच्या एका औषधांच्या दुकानातून मिठाईत मिसळायच्या स्वस्त भुकटीऐवजी 12 पौंड सोमल दिला गेला. त्याच्या पेपरमिंटच्या गोळ्या झाल्या, बाजारात विकल्या गेल्या. सुमारे 20 माणसे दगावली. त्यांत मुलेही होती. शिक्षा कोणालाच झाली नाही. पुढे 1868 च्या कायद्याने विषाच्या वेष्टनावर वस्तूचे नाव, ‘विष’ हा शब्द आणि विक्रेत्याचा पत्ता घालणे सक्तीचे केले.

वाचकहो, नेमक्या शब्दाचा आग्रह आपल्याला पंडितांचे सोवळे वाटतो. ब्रॅडफर्डच्या आयांना तसे वाटले नसते.