जिऑगा लेक
अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एक माजी मनोरंजन उद्यान. क्लीव्हलंड शहराच्या आग्नेयेस, ऑरोरा शहर आणि बेनब्रिज टाउनशिप यांच्या हद्दीवर असलेल्या जिऑगा तळ्याच्या काठी ते १८८७ पासून २००७ पर्यंत चालू होते. दोन काउंट्यांची सीमा उद्यानाच्या आवारातूनच जाई, म्हणजे काही पाळणे जिऑगा काउंटीत होते, तर काही पोर्टेज काउंटीत. या १२० वर्षांत उद्यानाने चक्रीवादळ, मोठी आग आणि महामंदी सोसली. ते बंद पडले ते मात्र वाढवल्यामुळे. गिऱ्हाईक आटले म्हणून ते बंद झाले, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्थानिक उद्यानावर राष्ट्रीय आकाराचा डोलारा चढवला गेला आणि तो पेलला नाही, तेव्हा मालक कंपनीला जत्रा सावरण्यापेक्षा तिचे सामान इतरत्र हलवणे सोयीचे वाटले.

*तळे आणि आगगाडी.* या भागाला पूर्वी जाइल्स पाँड किंवा नुसते पिकनिक लेक म्हणत. तळ्याजवळ रेल्वेचे स्थानक झाल्यावर क्लीव्हलंडचे लोक उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी पोहायला, नाव वल्हवायला आणि डबा घेऊन बसायला येऊ लागले. जाइल्स कुटुंबाने तिथे सहलीची जागा आणि नृत्यगृह उभारले. १८८९ मध्ये वाफेवर चालणारे घोड्यांचे चक्र आले. तोच इथला पहिला पाळणा. अमेरिकेतील त्या काळच्या बहुतेक उद्यानांचा जन्म असाच झाला. शहराबाहेर पाणी होते, तिथवर रूळ गेले होते आणि कारखान्याला आठवड्याची सुटी होती. ईशान्य ओहायो हा पोलाद, रबर आणि यंत्रसामग्रीच्या कारखान्यांचा पट्टा असल्याने अशा उद्यानांना इथे तोटा नव्हता. क्लीव्हलंडमध्ये युक्लिड बीच, यंगस्टाउनला आयडोरा पार्क, मदिना काउंटीत चिपेवा लेक अशी ती गावोगावी होती. युक्लिड बीच १९६९ मध्ये बंद झाले, चिपेवा लेक १९७८ मध्ये आणि आयडोरा १९८४ च्या आगीनंतर. जिऑगा लेक या सगळ्यांच्या पुढे टिकले, ही गोष्ट त्याच्या अखेरीचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते.

*बिग डिपर.* १९२५ मध्ये उद्यानाची सूत्रे विल्यम कुलमन यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी तळ्याकाठी लाकडी रोलर कोस्टर उभी राहिली. सुमारे २० मीटर उंचीच्या या कोस्टरचे नाव आधी ‘स्काय रॉकेट’, मग ‘क्लिपर’ आणि शेवटी ‘बिग डिपर’ असे बदलत गेले. तिचा आराखडा जॉन ए. मिलर यांचा होता. आजच्या बहुतेक कोस्टरांत मिलर यांच्या दोन युक्त्या दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी इथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. चढ संपून उतार लागतो तेव्हा वेगातली गाडी रुळावरून उचलली जाऊ पाहते. मिलर यांनी रुळाच्या खालच्या अंगाला लागून फिरणारे जादा चाक बसवले. गाडी रुळाला वरून आणि खालून धरून राहू लागली, म्हणून तीव्र उतार आणि उंचवटे सुरक्षितपणे बांधता येऊ लागले. दुसरी युक्ती चढावरची. गाडी वर ओढणारी साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये, यासाठी रुळालगत दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचा खटका तिच्या दातांत अडकत पुढे सरकतो. लाकडी कोस्टर चढताना येणारा खट्-खट् आवाज या खटक्याचा. लोक त्याला घाबरतात, वास्तविक तो आवाज येतो तोवर काळजीचे काही नसते.

त्याच काळात बांधलेल्या ऑलिंपिक आकाराच्या तलावात १९२६ मध्ये जॉनी वाइसम्युलर यांनी २२० यार्ड फ्रीस्टाइल पोहण्याचा विक्रम केला. चित्रपटांतील टारझन म्हणून ते पुढे जगाला माहीत झाले. १९३७ मध्ये उद्यानाने मार्कस इलियन्स यांनी १९२६ साली हाताने कोरलेले लाकडी घोड्यांचे चक्र विकत घेतले. १९४२ च्या चक्रीवादळात इमारती पडल्या आणि कोस्टरचेही नुकसान झाले. १९५२ च्या आगीत नाट्यगृह, नृत्यगृह आणि स्केटिंगची जागा जळाली. दोन्ही वेळा उद्यान पुन्हा उभे केले गेले.

*समोरचा काठ.* १९६९ च्या सुमारास ‘फनटाइम’ या कंपनीने उद्यान घेतले. तिचे संस्थापक पूर्वी सीडर पॉइंट उद्यानाचे अधिकारी होते, त्यामुळे त्यांना धंदा आतून माहीत होता. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, तळ्याच्या समोरच्या काठावर ‘सीवर्ल्ड ओहायो’ सुरू झाले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, बर्फ पडणाऱ्या मुलखात किलर व्हेल आणि डॉल्फिन ठेवणे हा धाडसी बेत होता. हंगाम फक्त उन्हाळ्याचा, म्हणून थंडी सुरू होण्याआधी व्हेल विमानाने कंपनीच्या उबदार प्रदेशांतील उद्यानांकडे नेले जात. प्राण्यांच्या दृष्टीने हा प्रवास कसा होता, याचा विचार तेव्हा क्वचितच केला गेला.

तळ्याच्या एका काठावर पाळणे आणि दुसऱ्या काठावर सागरी प्राणी, मालक वेगळे आणि तिकिटेही वेगळी, ही रचना तीस वर्षे नीट चालली. लहान मुलांना घेऊन आलेले आईवडील एका बाजूला जात, तर शाळा-कॉलेजातली मुले दुसऱ्या बाजूला. फनटाइमने उद्यान बेताबेताने वाढवले. १९७७ मध्ये आलेली ‘डबल लूप’ ही लागोपाठ दोन उभे वळसे घेणारी पहिली कोस्टर. १९८३ मध्ये लाटांचा तलाव झाला, तर १९८८ मध्ये ‘रेजिंग वुल्फ बॉब्ज’ ही दुसरी मोठी लाकडी कोस्टर आली. या वाढीत नवे पाळणे काही वर्षांच्या अंतराने येत आणि जुन्यांच्या शेजारी सामावत. उद्यानाच्या इतिहासातला सर्वांत समजूतदार कालखंड हाच म्हणावा लागेल.

*सिक्स फ्लॅग्ज.* १९९५ मध्ये ‘प्रीमियर पार्क्स’ने फनटाइम विकत घेतली. १९९८ मध्ये याच प्रीमियरने टाइम वॉर्नरकडून सिक्स फ्लॅग्ज ही प्रसिद्ध उद्यानमालिका घेतली आणि मग हे नाव ठिकठिकाणच्या जुन्या उद्यानांवर लावण्याचा सपाटा सुरू झाला. २००० च्या हंगामात जिऑगा लेकचे ‘सिक्स फ्लॅग्ज ओहायो’ झाले आणि एकाच वर्षी चार नव्या कोस्टर उभ्या राहिल्या. त्यांतली ‘बॅटमॅन नाइट फ्लाइट’ ४,२१० फूट, म्हणजे जवळजवळ १,२८० मीटर लांबीची होती. गाडीला तळ नसलेल्या कोस्टरांत ती सर्वांत लांब. २००१ मध्ये कंपनीने ११ कोटी डॉलर देऊन समोरचे सीवर्ल्डही घेतले. पाळणे, सागरी प्राणी आणि जलक्रीडा एका तिकिटात देणारे सुमारे ७०० एकरांचे ‘सिक्स फ्लॅग्ज वर्ल्ड्स ऑफ ॲडव्हेंचर’ उभे राहिले.

कागदावर हे फार आकर्षक दिसत होते. प्रत्यक्षात रस्ते, वाहनतळ, खाण्याची ठिकाणे, स्वच्छता आणि कामगारांचे प्रशिक्षण यांची वाढ त्या वेगाने झाली नाही. एवढ्या पसाऱ्यात तळ्याच्या दोन्ही बाजू एका दिवसात पाहणे कुटुंबांना दमवणारे होते. दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना एकत्र आणल्याने दोन्ही खूश होतील, हे गृहीत फसले. सीवर्ल्डची शांत, नेटकी सवय असलेल्यांना रांगा आणि गोंगाट आवडला नाही, आणि वेगाच्या शोधात येणाऱ्यांना प्राण्यांत फारसे स्वारस्य नव्हते. शिवाय भोवतालचा प्रदेश आकसत चालला होता. १९५० मध्ये क्लीव्हलंडची लोकसंख्या ९ लाख १४ हजार होती, २००० मध्ये ती ४ लाख ७८ हजारांवर आली. कारखाने गेले तसे कामगारांच्या एकत्र सहली घडवून आणणारे मालकही गेले. ओहायोचा हंगाम मे ते सप्टेंबर एवढाच असतो. बाराही महिन्यांच्या उन्हातल्या उद्यानांच्या मापाने इथला खर्च करणे ही चूक होती, आणि कर्जाने वाकलेल्या सिक्स फ्लॅग्जला ती फार काळ सोसता आली नाही.

*सीडर फेअर आणि समाप्ती.* मार्च २००४ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, १४.५ कोटी डॉलरला उद्यान सीडर फेअर या कंपनीला विकल्याचे जाहीर झाले. सीडर फेअरचे मूळ उद्यान सीडर पॉइंट हे याच राज्यात, सँडस्की येथे, गाडीने दीड-दोन तासांवर आहे. प्राणी सिक्स फ्लॅग्जकडेच राहिले. फ्रान्सहून आणलेली ‘शौका’ ही किलर व्हेल कॅलिफोर्नियाला गेली. बॅटमॅन, सुपरमॅन आणि कार्टूनमधील पात्रांचे हक्क नसल्याने काही आठवड्यांत सगळ्या पाट्या उतरवून रंगवाव्या लागल्या. ‘बॅटमॅन’ची ‘डॉमिनेटर’ झाली, ‘सुपरमॅन’ची ‘स्टील व्हेनम’. उद्यानाला त्याचे जुने नाव परत मिळाले आणि गावकऱ्यांना त्याचा आनंद झाला. २००५ मध्ये सीवर्ल्डच्या रिकाम्या काठावर ‘वाइल्डवॉटर किंग्डम’ हे नवे जलउद्यान सुरू झाले.

पण प्राणी गेले, अर्धा काठ मोकळा पडला, आणि उपस्थिती पूर्वीच्या तुलनेत कोसळली. २००६ मध्ये सीडर फेअरने पॅरामाउंटची उद्याने विकत घेतली. त्यांत सिनसिनाटीजवळचे किंग्ज आयलंड होते. आता एकाच राज्यात एकाच कंपनीची तीन उद्याने झाली आणि जिऑगा लेक त्यांतले सर्वांत अशक्त. त्याच हिवाळ्यात दोन मोठ्या कोस्टर इथून काढण्यात आल्या. यानंतर काय होणार, हे ओळखायला जाणकार लागत नव्हता. १६ सप्टेंबर २००७ रोजी हंगामाचा शेवटचा दिवस पार पडला. त्या दिवशी आलेल्यांना ही शेवटची भेट आहे हे सांगितले गेले नव्हते. पाळण्यांची बाजू कायमची बंद होत असल्याची घोषणा २१ सप्टेंबरला झाली. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या लोकांना निरोप घेण्याची संधी न देणे, हा या प्रकरणातला सर्वांत अनुदार भाग होय, आणि ईशान्य ओहायोतील लोक तो अजून विसरलेले नाहीत.

*नंतर.* जून २००८ मध्ये उरलेल्या सामानाचा लिलाव झाला. तेव्हा ८३ वर्षांची असलेली बिग डिपर ५ हजार डॉलरला गेली. विकत घेणाऱ्याला ती हलवता आली नाही. लाकडी कोस्टर जागेच्या उंचसखलपणानुसार बांधलेली असते, शिवाय तिचे लाकूड वर्षानुवर्षे बदलावे लागते, त्यामुळे ती उचलून दुसरीकडे मांडणे लोखंडी कोस्टरपेक्षा पुष्कळ अवघड जाते. ती आठ वर्षे गवतात उभी राहिली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पाडण्यात आली. जलउद्यानही त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बंद झाले होते. जमीन पुढे घरे आणि दुकाने बांधण्यासाठी विकली गेली.

लोखंडी कोस्टरांना नवी घरे मिळाली. ‘डॉमिनेटर’ २००८ पासून व्हर्जिनियातील किंग्ज डोमिनियन येथे धावू लागली, ‘थंडरहॉक’ मिशिगनला गेली, ‘स्टील व्हेनम’ पेनसिल्व्हेनियातील डॉर्नी पार्कला, तर ‘एक्स-फ्लाइट’ किंग्ज आयलंडला ‘फायरहॉक’ या नावाने २०१८ पर्यंत चालली. इलियन्स यांनी कोरलेल्या घोड्यांचे चक्र मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या वर्ल्ड्स ऑफ फन उद्यानात २०११ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आले.