सिंहभूमचे धनुष्य आणि आमचा क्लब

आपल्या गणरायाच्या हातात पाश असतो, अंकुश असतो, परशूही असतो. धनुष्य मात्र सहसा दिसत नाही. पण ज्या मुलुखात आपण पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलो, त्या सिंहभूमचे पहिले शस्त्र धनुष्यच. हो, मुंडा आणि संथाळ या तिन्ही समाजांच्या घरात ते असायचे. बाणाला संथाळीत ‘सार’ म्हणतात. आपल्या ‘शर’शी त्याचे काय नाते, ते भाषातज्ज्ञांनी सांगावे. मी पडलो रेल्वेचा डिप्लोमावाला, मला रूळ आणि स्लीपर जास्त कळतात. तरीही गेल्या वर्षी इथल्या तिरंदाजी क्लबात नाव घातल्यापासून या धनुष्याच्या इतिहासाने माझी पाठ धरली आहे. वाचता वाचता लक्षात आले, की त्या इतिहासात आमची रेल्वे वारंवार डोकावते, आणि नेहमीच चांगल्या भूमिकेत नाही.

सुरुवात राजमहालच्या डोंगरांपासून करावी लागेल. १८५० नंतर ईस्ट इंडियन रेल्वेचा लोहमार्ग त्या बाजूने नेण्याचे काम सुरू झाले. संथाळांना सावकार आणि जमीनदार पिळत होतेच. त्यात रेल्वेच्या कामावरील काही गोऱ्या साहेबांची जुलूमजबरदस्ती आली. ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह गावी सिदो आणि कान्हू या भावांच्या हाकेला हजारो संथाळ जमले आणि ‘हूल’ सुरू झाले. एका बाजूला बंदुका आणि तोफा, दुसऱ्या बाजूला धनुष्य, कुऱ्हाड आणि नगारा. विल्यम हंटर यांनी १८६८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या लढाईत असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याची साक्ष दिली आहे. नगारा वाजत असेपर्यंत हे लोक जागचे हलत नसत, गोळ्या खात उभे राहत, आणि त्यांचे बाण आमची माणसे मारत म्हणून आम्हालाही गोळीबार थांबवता येत नसे, असा तिचा आशय आहे. पाकूरला १८५६ मध्ये बांधलेला मार्टेलो बुरूज आजही उभा आहे. भिंतीत बंदुकीच्या नळ्यांसाठी भोके ठेवलेली आहेत. बाणांचा धाक किती होता, याचा तो विटांतला पुरावाच म्हणायचा.

आपल्या बाजूची लाइन नंतरची. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि नागपूर ते आसनसोल हा मार्ग चक्रधरपूरवरून १८९१ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे आपण मराठी मंडळी ज्या वाटेने इथे आलो, तिचे एक टोक नागपुरातच आहे! ही लाइन होऊन नऊ वर्षेही झाली नव्हती, तेव्हा बिरसा मुंडांचे ‘उलगुलान’ पेटले. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री बाण सुटले. ९ जानेवारी १९०० रोजी डोंबारीच्या डोंगरावर इंग्रजांनी गोळीबार केला आणि फेब्रुवारीत चक्रधरपूरच्या परिसरातील जंगलात बिरसा पकडले गेले. ९ जूनला रांचीच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचवीसच्या आत. १९०८ चा छोटानागपूर कुळकायदा हे त्या लढ्याचेच फलित. ज्या रुळांची देखभाल करून मी पगार घेतो, त्या रुळांच्या आसपास घडलेला हा इतिहास आहे. शाळेत आम्हाला तो दोन ओळींत उरकून शिकवला होता.

शस्त्राचा खेळ कसा होतो, हे पाहायला मात्र इंग्लंडलाच जावे लागते. तिथे १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने सुट्टीच्या दिवशी धनुष्याचा सराव सक्तीचा केला होता. पुढे बंदूक आली आणि धनुष्य अडगळीत गेले. १७८१ साली सर ॲश्टन लेव्हर यांनी लंडनमध्ये टॉक्सोफिलाइट सोसायटी काढली आणि ते अडगळीतून निघून हिरवळीवर आले. तिथे जेवणावळी, गणवेश, बक्षिसे असा सारा थाट असे. पुढे स्त्रियाही या खेळात आल्या. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्वीनी न्यूअल यांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. (चाळिशीनंतर आता काय शिकायचे, असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांसाठी ही खास माहिती!) १९२० नंतर हा खेळ ऑलिंपिकमधून गळाला, तो १९७२ ला म्युनिकमध्ये परत आला. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ ची आणि आपले तिरंदाज ऑलिंपिकला पहिल्यांदा गेले ते १९८८ ला, सोलला.

त्या संघात राजस्थानचा आदिवासी तरुण लिंबाराम होता. क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी भागात हुडकून काढलेला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेऊन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. जमशेदपूरची टाटा आर्चरी अकादमी १९९६ ची. रांचीजवळच्या रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी आधी खरसावांच्या अकादमीत आणि २००६ मध्ये टाटा अकादमीत आली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील तिची दोन सुवर्णपदके सर्वांना आठवत असतील. पण माझ्या मनात जास्त घर करून आहे तो पश्चिम सिंहभूमचा मंगलसिंग चांपिया. हा हो समाजातला तरुण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मानांकन फेरीत ६७८ गुणांसह दुसरा आला होता. पुढे बाद फेरीत तो हरला आणि आपण सारे त्याला विसरलो. क्रिकेटमधला बारावा खेळाडू आपल्याला पाठ असतो, हा नसतो.

आणि एकलव्य? क्लबात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारतोच. आज जगभर बहुतेक तिरंदाज तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी दोरी ओढतात, अंगठा लागतच नाही. तुर्की आणि मंगोल पद्धतीत मात्र दोरी अंगठ्यानेच धरतात. द्रोणाचार्यांची गुरुदक्षिणा क्रूर ठरते ती अशाच एखाद्या पद्धतीत. महाभारतातच पुढे म्हटले आहे, की एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. या कथेला गुरुभक्तीची कथा म्हणण्याची आपली सवय मला आता खटकते. शीतलदेवी ही जन्मतः दोन्ही हात नसलेली मुलगी पायाने धनुष्य पेलते, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेशकुमारसोबत तिने कांस्यपदक मिळवले. तिचे कोणी काही कापून मागितले नाही, उलट तिला बसेल असे धनुष्य करून दिले. गुरू असावा तर असा.

आमच्या क्लबात दोन प्रकारची धनुष्ये आहेत. रिकर्व्ह म्हणजे टोके पुढे वळलेले, ऑलिंपिकमध्ये आजवर चालत आलेले. त्याचे लक्ष्य ७० मीटरवर, चकती १२२ सेंटिमीटरची, आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटर. दुसरे कंपाउंड, जे अमेरिकेच्या हॉलेस ॲलन यांनी १९६० च्या दशकात बनवले. त्याच्या टोकांना अक्ष मध्यावर नसलेली चाके असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम उतरतो. आमच्यासारख्या मेकॅनिकल डोक्याला ते बघूनच आनंद होतो. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत याच प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रे किती आली, ते विचारू नका.

नवशिक्यांना पहिले काही दिवस बाण मिळतच नाही. रबराचा पट्टा ओढायचा, कोणता डोळा प्रबळ ते पाहायचे, खांदा खाली ठेवायला शिकायचे. मग हलके धनुष्य आणि हातभर पुढ्यात वाटावे इतके जवळचे लक्ष्य. जुने खेळाडू आणि नवे, सगळे एकाच रेषेवर उभे राहतात. शिट्ट्यांची भाषा रेल्वेवाल्याला लगेच उमगते. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायचे, तीन झाल्या की बाण काढायला जायचे. पाच किंवा अधिक वाजल्या, तर सगळे जागच्या जागी थांबवायचे. आमच्याकडच्या धोक्याच्या सिग्नलइतकीच ती कडक पाळतात.

माझ्या शेजारी उभा राहणारा मुलगा हो समाजाचा. त्याच्या आजोबांचे बांबूचे धनुष्य घरी आढ्याला टांगलेले आहे. क्लबाचे धनुष्य त्याला पहिल्या दिवशी जड, थंड आणि परके वाटले, असे तो म्हणाला. आठवड्याभरात त्याचे बाण माझ्या बाणांपेक्षा मध्याजवळ पडू लागले. चांगले रिकर्व्ह धनुष्य घ्यायचे तर त्याच्या वडिलांची कित्येक महिन्यांची मिळकत जाईल. म्हणून क्लबाची सामाईक धनुष्ये आहेत ती जपून वापरावी, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे.

मंडळातील ज्यांना यायचे असेल, त्यांनी रविवारी सकाळी यावे. ढगळ बाह्यांचा सदरा नको, दोरी अडकते. स्वतःचे धनुष्य लगेच विकत घेऊ नका. पहिले तीन महिने क्लबाचेच पुरते.