मुलांना फ्लूची लस कधी द्यावी? पावसाळ्याआधी की थंडीत?

निगडी-प्राधिकरणात जूनमध्ये शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात. त्यापाठोपाठ मुलांमध्ये फ्लूही वाढतो.

युरोप-अमेरिकेत फ्लू हा थंडीतला आजार मानला जातो. उष्ण कटिबंधात मात्र त्याची मोठी लाट बहुधा पावसाळ्यात येते. पुणे परिसरात ती साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये, तर दुसरी, लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये दिसते. स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यातच झाला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. तो विषाणू आता हंगामी फ्लूचाच भाग आहे.

लस कधी?
लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी तो ओसरतो. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे योग्य. ऑक्टोबरपर्यंत थांबल्यास मोठी लाट उलटून गेलेली असते.

किती डोस?
सहा महिन्यांखालील बाळांना ही लस देत नाहीत. नऊ वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर दरवर्षी एक. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांची संघटना दरवर्षी लस सुचवते.

डॉक्टरांकडे लगेच कधी?
धाप लागणे, ओठ निळसर पडणे, मूल सुस्त होणे किंवा पाणीही न पिणे ही धोक्याची लक्षणे आहेत. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही.