शुक्र, गुरू आणि पहारेकरी

आजची गोष्ट एका चुकीची आहे. तिला अनेक जण हसले. पूर्वी एकदा मीही हसलो होतो, म्हणून ती सांगायचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही माझ्याकडे आहेत.

2025 च्या मे महिन्यात आमच्या चंदीगडात सायरन वाजले आणि रात्री ब्लॅकआऊट झाला. एरवी माझ्या गच्चीवरून ईशान्येला कसौलीचे दिवे दिसतात. त्या दिवसांत मात्र सगळ्यांचे डोळे आभाळाकडे होते. एका पहाटे चारच्या पुढे शेजारच्या आजींनी कठड्यावरून हाक मारली, "कर्नल साब, ओ वेखो, ड्रोन!" पूर्वेला एक लखलखीत ठिपका होता, अगदी स्थिर.

माझी सहा इंची दुर्बीण गच्चीतच असते. दिवा न लावता मी ती वळवली आणि आजींना डोळा लावायला सांगितला. साठ पट मोठा होऊन शुक्र जवळजवळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसत होता, आणि चंद्रासारखीच त्याची कोर होती. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ए तां चन्न वरगा है." ड्रोनला कोर नसते, एवढं त्यांना पटलं आणि त्या झोपायला गेल्या.

मला मात्र झोप आली नाही. मला लडाख आठवलं.

ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग भागातून आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी दिव्यांच्या 329 नोंदी केल्या. त्यांतल्या 155 वेळा ते दिवे प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आल्यासारखे वाटले. संशय अर्थातच चिनी ड्रोनचा होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारण्यात आलं. त्यांचं उत्तर आलं: हे शुक्र आणि गुरू आहेत. जुलै 2013 मध्ये बातमी छापून आली आणि जगभर विनोद झाले.

आता जरा शांतपणे त्या वेळचं आकाश बघू. 6 जून 2012 ला शुक्र सूर्यबिंबावरून गेला आणि लगेच पहाटेच्या आकाशात आला. ऑगस्टच्या मध्यावर तो सूर्यापासून सर्वांत दूर होता, म्हणजे सूर्योदयाच्या कितीतरी आधी उगवत होता. गुरू वृषभ राशीत होता. डिसेंबरच्या सुरुवातीला तो सूर्याच्या बरोबर समोर आला, म्हणजे संध्याकाळी उगवून रात्रभर दिसू लागला. एक दिवा रात्रीचा, एक पहाटेचा. सव्वाचार हजार मीटरवरची विरळ, कोरडी, धूळ नसलेली हवा. तिथे ग्रह असे तळपतात की मैदानातल्या माणसाला कल्पना यायची नाही. त्यात सीमेवर खरे ड्रोन उडायला लागलेले. पहारेकऱ्याने काय समजावं?

कोडं सुटलं ते नोंदींमुळेच. दिवा कधी आणि कुठे दिसला, हे लिहिलेलं होतं. ताऱ्यांच्या तुलनेत तो कसा सरकतो, हे पाहिल्यावर शास्त्रज्ञांना ग्रह ओळखता आले. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये यापेक्षा वेगळं काय केलं? गुरूशेजारचे ठिपके रोज कुठे आहेत ते वहीत मांडलं, आणि ते गुरूभोवती फिरणारे चंद्र ठरले.

सैनिक आणि ग्रह यांचं नातं आपल्या भागात जुनं आहे. 9 डिसेंबर 1874 ला शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हा इथून फार लांब नसलेल्या रुरकीत बंगाल इंजिनिअर्सचे कर्नल टेनंट दुर्बिणी आणि कॅमेरे लावून बसले होते. मसुरीला त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे हेनेसी होते. शुक्राच्या काळ्या ठिपक्याभोवती त्यांनी प्रकाशाची बारीक कडा पाहिली. ती शुक्राच्या वातावरणामुळे दिसत होती. पृथ्वी ते सूर्य हे अंतर मोजण्याच्या जगभरच्या मोहिमेचा हा भाग होता. त्यांच्याही हाती शेवटी तेच होतं: घड्याळ, जागा आणि प्रामाणिक नोंद.

आता माझी चूक. ऐंशीच्या दशकात लडाखमधल्या एका चौकीवर मी तरुण कॅप्टन होतो. सातारकडचा एक जवान पहाटे धावत आला, "साहेब, डोंगरावर लाईट हाय." मी बाहेर आलो, बघितलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने हसलो. "अरे, शुक्राची चांदणी आहे ती. गावाकडे कधी पाहिली नाहीस?" सगळे हसले. तोही कसनुसं हसला.

आठवड्याभराने समोरच्या उतारावर रात्री गाडीचे दिवे हलले. दुसऱ्या पहाऱ्यावरच्या जवानाने ते कळवलं. हा त्याच वेळी पहाऱ्यावर होता आणि त्यालाही ते दिसले होते. का सांगितलं नाहीस, असं विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "साहेब, परत हसं होईल म्हणून न्हाई सांगितलं."

त्या रात्री काही बिघडलं नाही. पण बिघडू शकलं असतं, आणि दोष त्याचा नसता. तो शुक्र आहे, हे मी बरोबर ओळखलं होतं. माणूस ओळखायला मात्र चुकलो होतो.

म्हणून 329 नोंदींची बातमी वाचली तेव्हा मला हसू आलं नाही. 329 वेळा कुणीतरी कडाक्याच्या थंडीत उभं राहून बघितलं आणि कळवलं. चुकीचं नाव दिलेला दिवा नंतर दुरुस्त करता येतो. न कळवलेला दिवा दुरुस्त करता येत नाही.

गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास बारा वर्षं लागतात. 2012 मध्ये वृषभेत असलेला गुरू 2025 च्या त्या मे महिन्यात पुन्हा वृषभेतच होता, संध्याकाळी पश्चिमेला. दुसऱ्या दिवशी आजींनी तोही दाखवला, "ओ वी ड्रोन नहीं ना?" मी न हसता दुर्बीण वळवली.

तुमच्याही घरी कुणी आभाळातला दिवा दाखवला, तर आधी बघा, वेळ लिहा, आणि मग बोला. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.